गटारीच्या रात्री बाबांसोबत बघायला जुने ब्रिटिश भयपट सुचवा (बजेट १५०० रु.)

गवतीचहा
नमस्कार मंडळी. येत्या गटारीला बहीण आणि भाची कराडला आमच्याकडे येताहेत. मटण झालं की सगळ्यांनी बसून जुने इंग्रजी भयपट बघायचे असं ठरलंय. जुने म्हणजे वाडे, धुकं, घोडागाडी, मेणबत्ती घेऊन जिना उतरणारी बाई, तसले. ब्रिटिशच हवेत, ही बाबांची अट.

बाबा ७६ वर्षांचे. शाळेत जीवशास्त्र शिकवायचे आणि गावात कुठे साप निघाला की यांनाच बोलावणं यायचं, अजूनही येतं. कॉलेजात असताना कोल्हापूरला मॅटिनीला यातलाच एक पिक्चर पाहिला होता म्हणतात. नाव आठवत नाही. "शेवटी पवनचक्की होती आणि तिच्या सावलीत भूत मेलं," एवढंच सांगतात. तो कुठला हे कोणी ओळखलं तर दुधात साखर.

बजेट १५०० रुपये, सगळं धरून. टीव्ही ४३ इंची. ब्लू-रे प्लेअर नाही. जुना डीव्हीडी प्लेअर आहे, चालेल असं वाटतं. भाची १३ वर्षांची आहे हे लक्षात ठेवून सुचवा. बाबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे सबटायटल हवेतच. दोन सिनेमे पुरेत.

चांदणचकवा
यात विचारायचं काय? १९५८ चा 'ड्रॅक्युला'. अमेरिकेत तो 'हॉरर ऑफ ड्रॅक्युला' म्हणून लागला होता, तेव्हा दोन्ही नावांनी शोधा. हॅमर कंपनीचा, दिग्दर्शक टेरेन्स फिशर, ड्रॅक्युला ख्रिस्तोफर ली, त्याच्या मागावर असलेला डॉक्टर व्हॅन हेल्सिंग म्हणजे पीटर कुशिंग. दीड तासाच्या आत संपतो.

मी कमीत कमी वीस वेळा पाहिलाय आणि दर वेळी तोच एक प्रसंग मागे जाऊन पुन्हा बघतो. ली पहिल्यांदा दिसतो तो जिन्याच्या वरच्या टोकाला, नुसती काळी आकृती. आपण दात बघायच्या तयारीत बसलेले. आणि हा साडेसहा फुटी माणूस झपझप खाली येतो आणि घरंदाज यजमानासारखा पाहुण्याचं स्वागत करतो! आवाज मऊ, वागणं अदबशीर. पुढे दिसतो तेव्हा डोळे लालभडक, हनुवटीवर रक्त. त्या सुरुवातीच्या भेटीनंतर लीच्या तोंडी जवळजवळ संवादच नाहीत. नुसत्या चालण्यावर आणि नजरेवर निभावलंय.

शेवटी कुशिंग लांबलचक टेबलावरून धावत जाऊन पडदे ओढतो, उजेड आत येतो, मग दोन शमादानं एकावर एक आडवी धरून क्रूस करतो. ती कल्पना कुशिंगचीच. जेम्स बर्नार्डच्या संगीतात मुख्य सूर तीन अक्षरांवर बसवलाय, ड्रॅ-क्यु-ला. एकदा ऐकलात की भाजी चिरतानाही डोक्यात वाजत राहतो.

कुरकुरे_काका
काय भीतीदायक आहे त्यात? मी पाहिलाय. रक्त म्हणजे रूह अफजा. त्यापेक्षा आपले रामसे बंधू बरे. महाबळेश्वरला जाऊन, युनिट सरकारी विश्रामगृहात उतरवून, घरच्या मंडळींना कामाला लावून सिनेमे काढले. तो धूर, ते हिरवे-जांभळे दिवे! कराडहून महाबळेश्वर जवळ, सिनेमाही जवळचा वाटेल.

चांदणचकवा
काका, धागा ब्रिटिश सिनेमांचा आहे. आणि रामसेंनी ते दिवे, ती कबर, ती हवेली हॅमरचे सिनेमे बघूनच उचलली असणार, डोळ्यांना दिसतंय.

कुरकुरे_काका
उचललं म्हणजे वाईट झालं का? हॅमरने तरी काय शोधून काढलं? फ्रँकेनस्टाईन, ड्रॅक्युला, ममी, सगळं अमेरिकेच्या युनिव्हर्सलने १९३०च्या दशकातच करून ठेवलं होतं.

चांदणचकवा
गोष्टी त्याच, पण युनिव्हर्सलच्या राक्षसाचा चेहरा वापरायला कायद्याने बंदी होती. ते चपटं डोकं, मानेतले खिळे, काही घेता येईना. म्हणून १९५७ च्या 'द कर्स ऑफ फ्रँकेनस्टाईन'साठी फिल लीकी या रंगभूषाकाराला नवीन चेहरा करावा लागला. तो ओला, फाटका, शिवलेला चेहरा त्यातून आला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रंग. लोकांनी तोवर हे सगळं काळ्या-पांढऱ्यात पाहिलं होतं. समीक्षकांनी शिव्या घातल्या, थिएटरं मात्र भरली.

अर्धवट_पुणेकर
मी सरळ बॉक्स सेट घ्यायला सांगेन. मी मागवलाय. इंग्लंडहून. आठ हजारांच्या आसपास पडला, कस्टम वेगळं. पण सिनेमाची छपाई (प्रिंट) बघाल तर वेडे व्हाल. १९५८ च्या 'ड्रॅक्युला'तला सेन्सॉरने कापलेला शेवट टोकियोच्या चित्रपट संग्रहातल्या रिळांमधून मिळाला आणि २०१३ च्या ब्लू-रेवर परत जोडला गेला. ड्रॅक्युला स्वतःच्या हाताने चेहऱ्याची कातडी ओरबाडतो तो तुकडा. तेवढ्यासाठी तरी घ्या.

गवतीचहा
@अर्धवट_पुणेकर, बजेट १५०० आहे हो. आणि प्लेअर नाही.

अर्धवट_पुणेकर
प्लेअरही घ्या मग. फक्त एक सांगतो, माझी चूक तुम्ही करू नका. ब्लू-रेला विभाग असतात. ब्रिटनचा बी, आपला सी. माझा सेट आला, मी फुलं वाहून डबा उघडला, तबकडी घातली आणि पडद्यावर आलं की ही तबकडी इथे चालणार नाही. तीन महिने सेट कपाटात. शेवटी सगळे विभाग चालणारा प्लेअर घेतला, त्याचे पैसे बायकोला अजून सांगितलेले नाहीत. डीव्हीडीचंही तसंच, ब्रिटनचा विभाग दोन आणि आपला पाच.

खारीबिस्कीट
म्हणजे ज्याच्यामुळे तीन महिने हात चोळत बसलात तेच घ्यायचा सल्ला देताय?

अर्धवट_पुणेकर
छपाई बघितलेली नाही तुम्ही.

हडळ_नं_१
रंगीत भयपट म्हणजे रंगपंचमी. खरी भीती काळ्या-पांढऱ्यात. १९६१ चा 'द इनोसंट्स' बघा, जॅक क्लेटनचा. हेन्री जेम्सची गोष्ट. मोठं घर, दोन अनाथ मुलं, नवी गव्हर्नेस म्हणजे डेबोरा कर. पटकथेत ट्रूमन कपोटीचा हात आहे. रुंद पडदा होता आणि दिग्दर्शकाला तो नको होता, म्हणून फ्रेडी फ्रान्सिस या कॅमेरामनने फिल्टरच्या कडा रंगवून घेतल्या आणि चौकटीच्या दोन्ही बाजू काळोखात बुडवल्या. परिणाम असा की मधे उजेडात काय चाललंय ते सोडून तुम्ही सारखं कोपऱ्यात बघता. तळ्याच्या पलीकडे, लव्हाळ्यात, भर दिवसा एक बाई उभी आहे. काही करत नाही. नुसती उभी.

मी हा एकटीने पाहिला आणि त्या रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले नाही.

दुसरा १९६३ चा 'द हाँटिंग'. त्यात भूत दिसतच नाही, फक्त दार फुगतं. लाकडी दार श्वास घेतल्यासारखं आत वाकतं.

कुरकुरे_काका
दार फुगतं हे पावसाळ्यात आमच्याकडेही होतं. रंधा मारून घ्या.

हडळ_नं_१
😂 काका, बघाच तो. मग रंध्याचं बोलू.

गोटीसोडा
'द हाँटिंग'चा दिग्दर्शक रॉबर्ट वाइज अमेरिकन, कादंबरी अमेरिकन. चित्रीकरण इंग्लंडात झालं म्हणून ब्रिटिश म्हणायचं का?

हडळ_नं_१
घर वॉरिकशायरचं आहे, एटिंग्टन पार्क. घर ब्रिटिश तर सिनेमा ब्रिटिश. या प्रकारात घरच नायक असतं.

गोटीसोडा
हे मात्र पटलं. गॉथिकची, म्हणजे या जुन्या वाड्यांच्या भयकथांची, सुरुवातच घरापासून आहे. १७६४ मध्ये होरेस वॉलपोलने या प्रकारातली पहिली कादंबरी लिहिली, ती एका किल्ल्याची. त्याआधी त्याने लंडनजवळ स्वतःचं घर खोटे बुरूज आणि टोकदार कमानी लावून मध्ययुगीन दिसेल असं करून घेतलं होतं. म्हणजे आधी नेपथ्य, मग गोष्ट. हॅमरचं तेच. बर्नार्ड रॉबिन्सन हा त्यांचा कलादिग्दर्शक. तुटपुंज्या पैशात एकच सेट फिरवून फिरवून चार सिनेमांत वापरायचा, रंग बदलायचा, खांब हलवायचा. १९६६ च्या 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस'चा किल्ला आणि त्याच वर्षीच्या रास्पुतिनच्या सिनेमातला राजवाडा नीट बघा, ओळख पटेल.

आणि एक फुकटचा सल्ला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करायचं जे काही असतं ते बंद करा. प्रत्येक कंपनीत नाव वेगळं असतं. ते चालू असलं की ड्रॅक्युला दुपारच्या मालिकेतला जावई वाटतो.

गवतीचहा
हे कामाचं आहे, धन्यवाद. आत्ता जाऊन बघितलं, चालूच होतं.

रसिक_रात्रपाळी
इन्ग्रिड पिटचा 'द व्हँपायर लव्हर्स' राहिला की! १९७०. ल फान्यूच्या 'कार्मिला'वरून. जबरदस्त.

खारीबिस्कीट
दादा, १३ वर्षांची भाची आणि ७६ वर्षांचे बाबा एकाच सोफ्यावर. धागा वरपासून वाचा. तो सिनेमा लागला तर सगळ्यांना एकदम पाणी प्यायला उठावं लागेल.

रसिक_रात्रपाळी
अरे हो. सॉरी. पण चांगला आहे.

थेम्सकाठचा
उशिरा आलो, इथे आत्ता संध्याकाळ झाली. मी मेडनहेडला राहतो. ज्या ब्रे स्टुडिओत हॅमरचे हे सिनेमे निघाले तो माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. थेम्सकाठी डाउन प्लेस नावाची जुनी हवेली होती, तीच हॅमरने घेऊन स्टुडिओ केला. खोल्याच इतक्या लहान की कॅमेरा मागे न्यायला जागा नसे, म्हणून त्या सिनेमांत सगळं दाटीवाटीने भरलेलं, गच्च वाटतं. आपल्याला वाटतं केवढी श्रीमंती! खरं तर जागेची टंचाई.

शेजारीच ओकली कोर्ट आहे, १८५९ चं घर, टोकदार मनोरे, दगडी पशू वगैरे. आता हॉटेल आहे. हॅमरला हवेली हवी असली की कॅमेरा उचलून शेजारी जायचे. 'ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला', 'प्लेग ऑफ द झाँबीज', ती सापबाईची 'द रेप्टाइल', सगळ्यांत हे घर दिसतं. आणि सिनेमात ट्रान्सिल्व्हेनियाचं म्हणून जे जंगल दाखवतात ते स्लाउजवळचं ब्लॅक पार्क. मी रविवारी तिथे कुत्रा फिरवतो. बर्फाळ कार्पेथियन पर्वत वगैरे काही नाही, आइस्क्रीमची गाडी असते.

कुरकुरे_काका
म्हणजे सगळाच खोटेपणा.

थेम्सकाठचा
काका, सिनेमाच तो. पण नोव्हेंबरात दुपारी चारला अंधार पडतो आणि नदीवरून धुकं वर येतं ना, तेव्हा कळतं हे इथेच का सुचलं. पहिल्या वर्षी माझ्या बायकोने मला पार्किंगमधून फोन केला होता, "खाली ये, मला एकटीला वर यायचं नाही."

जुनाट_रीळ
पवनचक्कीचं कोणी सांगितलंच नाही अजून. सगळे आपापल्या आवडीचं सांगताय, ताईंनी विचारलंय काय?

तो 'द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला', १९६०. नावात ड्रॅक्युला आहे, सिनेमात नाही. ली नव्हताच त्यात. रक्तपिपासू आहे बॅरन माइन्स्टर, काम डेव्हिड पीलचं, सोनेरी केसांचा, देखणा. आईने त्याला चांदीच्या साखळीने बांधून ठेवलेलं असतं आणि एक भोळी शिक्षिका दया येऊन त्याला सोडवते. कुशिंगला (इथेही तोच व्हॅन हेल्सिंग) बॅरन चावतो. मग कुशिंग काय करतो? निखाऱ्यात लोखंड तापवतो, स्वतःच्या मानेवर डाग देतो, वर पवित्र पाणी ओततो. विव्हळणं नाही, भाषण नाही. शेवटी जळत्या पवनचक्कीच्या पात्यांवर उडी मारून ती फिरवतो आणि चांदण्यात तिची सावली क्रूस होऊन बॅरनवर पडते. तुमच्या बाबांना ५० वर्षांनंतरही बरोबर आठवतंय.

आमच्या वडिलांचा तंबू होता, सांगली-मिरजेच्या जत्रांमधून फिरायचा. असले इंग्रजी सिनेमे शेवटच्या आठवड्यात, लोक कमी झाले की लावायचे. भाषा कळायची नाही कोणाला, अडायचंही नाही. जमीनदार गावातल्या पोरींचं रक्त पितो, सरायवाला पाहुण्याला सांगतो की त्या वाड्यावर जाऊ नका, आणि पाहुणा जातोच. यात न कळण्यासारखं काय आहे? बायका तर त्या जमीनदाराला मोठ्याने शिव्या घालायच्या.

चांदणचकवा
वा! आणि तो सरायवाला बहुतेक वेळा एकच नट, मायकेल रिपर. हॅमरच्या कितीतरी सिनेमांत आहे.

गवतीचहा
@जुनाट_रीळ, शंभर वेळा धन्यवाद! बाबांना आत्ता वाचून दाखवलं. मानेवर डाग दिला म्हटल्यावर एकदम उठून बसले, "हां हां, तोच!"

अर्धवट_पुणेकर
मीही तेच सांगणार होतो. 'ब्राइड्स'च. ब्लू-रेवर घ्या.

पवनपुत्र_सातारा
पवनचक्कीच्या सावलीत भूत मरत असेल तर आमच्या चाळकेवाडीच्या पठारावर एकही शिल्लक नसणार.

मुंबईचा_मी
एक वेगळं सुचवतो. हॅमरचाच 'द स्ट्रँगलर्स ऑफ बाँबे', १९५९. फिशरचाच. आपल्या मुंबईवर!

गोटीसोडा
मुंबई फक्त नावात. सिनेमा ठगांवर. ठगांच्या बंदोबस्ताचं स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याचं काम जबलपूरकडचं, मुंबईचा त्याच्याशी काय संबंध? आणि सगळा पिक्चर त्याच ब्रे स्टुडिओत काढलेला, इंग्रज नटांना काळं फासून. देवीच्या भक्तांची जी चित्रं दाखवलीत ती बघून तुमच्या बाबांचा रक्तदाब वाढेल. भयपट म्हणून नव्हे, इंग्रजांच्या डोक्यात काय होतं ते बघायचं असेल तर बघा.

मुंबईचा_मी
मुंगूस आणि नागाची झटापट आहे ना त्यात! बाबांना साप आवडतात म्हणाल्या.

खारीबिस्कीट
आवडतात म्हणाल्या नाहीत. पकडतात म्हणाल्या.

हडळ_नं_१
'द विकर मॅन' कोणीच कसा नाही सुचवला? १९७३. ली स्वतः त्याला आपलं उत्तम काम मानायचा.

गोटीसोडा
तो गॉथिक नाही. भर उन्हातला आहे, बेटावरचा, शेता-शिवारातला. १९६८ च्या 'विचफाइंडर जनरल'पासून जी वेगळी वाट फुटली, तिच्यावरचा. वाडा नाही, जिना नाही, शमादान नाही.

हडळ_नं_१
जिना असला की गॉथिक का मग? आमच्या सोसायटीत तीन आहेत.

गोटीसोडा
जुनं पाप आणि जुनं घर, दोन्ही लागतं. आधीच्या पिढीने काहीतरी करून ठेवलेलं असतं आणि ते नव्या भाडेकरूच्या बोकांडी बसतं. 'विकर मॅन'मध्ये पाप आजचंच आहे आणि सगळं गाव खुशीत गातंय.

कुरकुरे_काका
नव्या भाडेकरूच्या बोकांडी बसणारं जुनं पाप म्हणजे मेंटेनन्सची थकबाकी. धाग्याचं काश्मीर झालंय. मटण कोण करतंय ते सांगा.

गवतीचहा
मटण बाबाच. कोल्हापुरी.

कुरकुरे_काका
मग सिनेमा कुठलाही चालेल.

चांदणचकवा
मूळ मुद्द्यावर येतो. ताई, १५०० मध्ये तबकड्यांच्या मागे लागू नका. भाड्याने मिळणारं घ्या. कुठल्या ओटीटी मंचावर काय आहे हे दर महिन्याला बदलतं, म्हणून आदल्या दिवशी नव्हे, आजच बघा. आणि पैसे भरण्याआधी झलक लावून सबटायटल खरंच येतात का ते तपासा. पुष्कळदा लिहिलेलं असतं आणि नसतात. क्रम असा लावा: आधी १९५८ चा, मग 'ब्राइड्स'. भाचीला चालेल. रक्त आहे, पण आजच्या मोबाइल खेळांपुढे काहीच नाही.

थेम्सकाठचा
त्या काळी मात्र तुमच्या भाचीला इथे तिकीट मिळालं नसतं. १९५१ पासून एक्स प्रमाणपत्र होतं, १६ वर्षांखाली प्रवेश बंद. माझा इथला शेजारी, आता ऐंशीच्या घरातला, सांगतो की मित्राच्या मोठ्या भावाची टोपी घालून आत घुसला होता. सिनेमाचं त्याला काही आठवत नाही, टोपी आठवते.

रसिक_रात्रपाळी
यूट्यूबवर सगळे फुकट आहेत.

जुनाट_रीळ
आहेत, पण चोरून चढवलेले. अर्धे कापलेले, रंग उडालेले, कोणी कडेला स्वतःचा शिक्का मारलेला. या सिनेमांत रंगच निम्मा सिनेमा आहे. जॅक ॲशर नावाचा छायाचित्रकार होता हॅमरकडे. भिंतीच्या कोपऱ्यावर उगाच जांभळा दिवा टाकायचा, काही कारण नाही, पण डोळा तिथे जातो. फिकट छपाईत ते सगळं राखाडी दिसतं आणि मग कुरकुरे काका म्हणतात रूह अफजा.

कुरकुरे_काका
चांगल्या छपाईतही रूह अफजाच आहे. जास्त लाल रूह अफजा.

गवतीचहा
मंडळी, ठरलं. रागावू नका.

'ब्राइड्स' बघायचा नाही. मी अगदी उत्साहाने बाबांना म्हटलं, सापडला तुमचा पिक्चर, गटारीला लावते. तर म्हणाले, "पाहिलाय ना मी तो? परत पैसे देऊन कशाला?" मी म्हटलं, नाव शोधायला अख्खा धागा काढला! तर म्हणे, "नाव हवं होतं, ते मिळालं."

मग थेम्सकाठच्यांचा प्रतिसाद वाचत होते, त्यात 'सापबाई' दिसली. झालं. आता 'द रेप्टाइल'च हवाय. दुसरा बहिणीच्या हट्टाने 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स', हॅमरचा १९५९ चा. कुशिंग होम्स आहे आणि ली आहे, म्हणून तुमचंही थोडं ऐकलं असं समजा.

चांदणचकवा
'रेप्टाइल'??? ताई, ना ली ना कुशिंग. सापाचा मुखवटा म्हणजे दोन उकडलेली अंडी लावलीत डोळ्यांच्या जागी. इतकी मंडळी १९५८ चा सांगताहेत!

अर्धवट_पुणेकर
'रेप्टाइल' माझ्याकडे आहे. छपाई चांगली आहे. सिनेमा ठीक.

हडळ_नं_१
निदान 'इनोसंट्स' तिसरा ठेवा. सगळे झोपल्यावर एकटीने बघा.

थेम्सकाठचा
माझ्यामुळे झालं हे! असो. खरं सांगू का, मला तो आवडतो. 'प्लेग ऑफ द झाँबीज' आणि हा, दोन्ही जॉन गिलिंगने लागोपाठ काढले, गावाचा सेट एकच. कॉर्नवॉलचं म्हणून दाखवलेलं गाव ब्रेच्या आवारात होतं. मायकेल रिपर यात नुसता सरायवाला नाही, चांगली मोठी भूमिका आहे. आणि जॅकलीन पिअर्स त्या शापित मुलीच्या कामात इतकी बिचारी वाटते की मुखवटा माफ होतो. त्यात ती जेवणानंतर सतार वाजवते आणि बाप चिडून सतार फोडतो.

मुंबईचा_मी
सतार? कॉर्नवॉलमध्ये?

थेम्सकाठचा
बाप पूर्वेकडचे धर्मपंथ अभ्यासायला गेलेला असतो आणि बोर्निओतल्या सर्पपूजकांचं गुपित फोडतो, म्हणून ते मुलीला शाप देतात. बोर्निओत सतार कुठून, हे हॅमरला विचारा. गोटीसोडांचं जुनं पाप आहे बघा इथे, नीट. बाहेरून आणलेलं, घरात लपवलेलं, आणि फेडायचं मुलीने.

गोटीसोडा
साम्राज्याचं पाप मागच्या दाराने स्वयंपाकघरात आलं. हे गॉथिक आहे, मान्य.

गवतीचहा
अहवाल: झाली गटारी. दोन्ही सिनेमे भाड्याने घेतले, मिळून ३०० च्या आत. सबटायटल आधी तपासले (चांदणचकवा, आभार, पहिल्या ठिकाणी खरंच नव्हते). दिवे बंद, बाहेर धो धो पाऊस.

'रेप्टाइल' ९० मिनिटांचा. आम्हाला सव्वादोन तास लागले, कारण रिमोट बाबांकडे होता.

पहिला बळी पडला, तोंडाला फेस, चेहरा काळानिळा. थांबवलं. "हे कुठल्या सापाचं विष? नाग चावला तर आधी पापण्या जड होतात, मग श्वास बंद पडतो. घोणस चावली तर रक्त गोठायचं थांबतं, सूज येते. हा फेस कसला?" भाचीने वहीत लिहून घेतलं, खरंच.

सतार आली. थांबवलं. "सापाला बाहेरचा कान नसतो. हे पुंगीवाल्यांनी केलेलं खूळ आहे."

मग तळघरात ती गंधकाची गरम पाण्याची कुंडं दाखवतात, मुलगी ऊब घ्यायला तिथे झोपते, कात टाकते. इथे बाबा गप्प. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हे बरोबर आहे. तिला थंडी बाधणार." शेवटी खिडक्या फुटतात, रात्रीचं गार वारं आत येतं आणि ती त्यानेच मरते. बाबा इतके खूश की मटणाचा दुसरा वाडगा घेतला. म्हणाले, "निदान एका माणसाने पुस्तक वाचलं होतं."

मुखवटा आला तेव्हा भाची हसली. बाबा हसले नाहीत. "तिच्या बापाने तिला कोंडून ठेवलंय, तिचा काय दोष?" एवढंच म्हणाले.

'हाउंड' बारा वाजता लावला. बुटातून कोळी निघतो तिथे बाबांनी पुन्हा रिमोट उचलला, पण बहिणीने तो काढून घेतला. कुत्रा फारच लहान निघाला. रंग मात्र काय सुंदर आहेत हो, त्या पडक्या मठावरचा हिरवा उजेड! टीव्हीचं ते सेटिंग बंद केल्याने फार फरक पडला.

'इनोसंट्स' मी दुसऱ्या दिवशी एकटीने बघायला घेतला. हडळताई, तळ्यापर्यंत पोचले आणि बंद केला. दिवसा बघेन.

हडळ_नं_१
ती बाई दिवसाच दिसते गं.

कुरकुरे_काका
१२०० उरले की मग? मटणाचा रस्सा पातळ की दाट?

नवा_सभासद_२०२४
छान धागा. पूर्ण वाचला नाही. १९५८ चा 'ड्रॅक्युला' कोणी सुचवलाय का? नसेल तर नक्की बघा, ब्लू-रेवर.